गच्ची रिकामी करण्याचा ठराव स्थगित करा: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य
(सर्व सभासदांच्या माहितीसाठी)

विषय: गच्ची, जिने आणि खिडक्यांमधील सर्व झाडे पंधरा दिवसांत काढण्याची नोटीस

स.न.वि.वि.

जिन्याखालच्या फलकावर आपण लावलेली नोटीस वाचली. गच्चीवरचे क्रेट, कुंड्या, मांडव आणि उभ्या मांडण्या, खिडकीच्या ग्रिलमधली झाडे, जिन्याच्या कठड्याला बांधलेल्या बाटल्या, सगळे पंधरा दिवसांत काढायचे. नाही काढले तर सोसायटी उचलून टाकेल आणि तो खर्च सभासदाच्या मेंटेनन्सच्या बिलात लावेल, असे तिच्यात लिहिले आहे. त्याच नोटिशीच्या दुसऱ्या परिच्छेदात फाटकाशेजारच्या भिंतीवर ‘व्हर्टिकल गार्डन’, म्हणजे भिंतीवरची उभी बाग, बसवण्याचे काम ठेकेदाराला दिल्याचे कळवले आहे. हे दोन्ही निर्णय मला मान्य नाहीत. मी लेखी हरकत दिली, पोच घेतली, पण उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे. पुण्यात आपल्यासारख्या चार मजली जुन्या सोसायट्या पुष्कळ आहेत. तिथेही असा ठराव येऊ घातला असेल, तर तिथल्या सभासदांनाही हे वाचता यावे.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी जुन्नर तालुक्यातली. आमच्या घरामागे परसबाग होती आणि न्हाणीचे पाणी सरळ केळीला जायचे. लग्नानंतर पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आले, तेव्हा माती म्हणून हाताशी काहीच नव्हते. बँकेतून निवृत्त झाल्यावर तेव्हाच्या समितीची परवानगी घेऊन गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्याला मांडव घातला. जुन्या खाटेचे लोखंडी अँगल उभे केले, त्यांवर सुतळीचे जाळे ताणले. त्यावर पावसाळ्यात दोडका, कारले आणि घेवडा चढतो, मायाळू बाराही महिने असतो. मांडव उत्तरेला घालण्याचे कारण आहे. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपे येते. उंच वेल दक्षिणेला लावले तर मागच्या मेथी-पालकावर दिवसभर सावली पडते. मांडवासमोर पाच कप्प्यांची लोखंडी मांडणी आहे. तिचा वरचा कप्पा वाऱ्याने सगळ्यांत आधी वाळतो, म्हणून तिथे ओवा आणि कोरफड. झिरपलेले पाणी खालच्या कप्प्याला मिळते, म्हणून तिथे पुदिना आणि अळू. जमीन नसेल तर झाड वर न्यायचे, एवढाच याचा अर्थ. आपल्या आज्यांनी गोठ्याच्या छपरावर भोपळा चढवला तेव्हाही त्यांनी हेच केले होते.

या मांडवाशी माझ्याइतकेच नाते इमारतीतल्या मुलांचे आहे. दोडक्याची पिवळी फुले संध्याकाळी उमलतात. चौथ्या मजल्यापर्यंत मधमाश्या फारशा येत नाहीत, म्हणून परागीभवन हाताने करावे लागते. नर फूल देठासकट तोडायचे, पाकळ्या मागे वळवायच्या आणि आतले पिवळे केसर मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवायचे. मादी फूल ओळखायला सोपे असते. त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीच लागलेला दिसतो. परागीभवन साधले नाही तर तो पेरभर दोडका पिवळा पडून गळतो, साधले तर दोन दिवसांत फुगायला लागतो. हे काम आता मुलेच करतात. कोणत्या वेलीवर कोणाचा दोडका, यावरून त्यांची भांडणेही होतात. अध्यक्षसाहेब, त्यांत आपली नातही आहे.

आता नोटिशीत दिलेल्या कारणांकडे येते.

पहिले कारण गळतीचे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींच्या बेडरूमचे छत पावसाळ्यात ओले होते, हे खरे आहे. त्यांना होणारा त्रास मी पाहिला आहे आणि त्यावर तातडीने उपाय झालाच पाहिजे. पण ती खोली पूर्वेच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली आहे. झाडे उत्तरेला आणि पश्चिमेला आहेत. पूर्वेला एकही कुंडी नाही. त्या कोपऱ्यात स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात, तिथला सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई, सुटून बोट जाईल एवढी फट पडली आहे. कोब्याला, म्हणजे गच्चीवरच्या सिमेंटच्या थराला, तडे आहेत. शेजारच्या पन्हळाचे तोंड टाकीच्या कामाच्या वेळी राहिलेल्या सिमेंटने अर्धे बुजले आहे, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की तिथे तळे साचते. मी या सगळ्याचे फोटो हरकतीसोबत जोडले होते. झाडे काढली तरी ही फट तशीच राहील आणि पुढच्या पावसात वहिनींचे छत पुन्हा ओले होईल.

मुळांचे म्हणाल, तर मेथी-पालकाची, मिरचीची किंवा दोडक्याची मुळे स्लॅब फोडत नाहीत. फोडतात ती वडा-पिंपळाची आणि उंबराची. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्यांचे बी फटीत पडते आणि नुसत्या ओलीवर रुजते. आपल्या मागच्या बाजूला दुसऱ्या मजल्याच्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यात असा एक पिंपळ उगवलेला आहे. त्याचे खोड आता मनगटाएवढे जाड आहे. तो काढावा म्हणून मी आणि आणखी दोघांनी तक्रार वहीत लिहिले, पण त्याला अजून हात लागलेला नाही. इमारतीची एवढी काळजी समितीला असेल, तर सुरुवात तिथून व्हायला हवी.

दुसरे कारण वजनाचे. हा मुद्दा मी अतिशय गांभीर्याने घेते, कारण तो खरा आहे. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात, म्हणजे आयएस 875 मध्ये, चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन भार धरला जातो. सोप्या भाषेत सुमारे दीडशे किलो. ओली माती घनमीटरला 1800 किलोच्या आसपास भरते. म्हणजे फूटभर जाडीचा मातीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोंच्या पुढे जातो. म्हणून गच्चीवर मातीचे वाफे नकोतच, हे मी स्वतः सांगत आले आहे. आमचे क्रेट मातीचे नाहीत. त्यांत सुकी पाने, उसाची चिपाडे, नारळाच्या शेंड्या, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचे खत आणि नावापुरती माती असते. ओले असतानाही एक क्रेट एका माणसाला सहज उचलता येतो. आणि ते गच्चीच्या मध्यावर नाहीत, कठड्यालगत, तुळयांच्या रेषेवर आहेत.

ही पद्धत मी शोधलेली नाही. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी 2002 च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावरच बाग उभी केली. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवार’ या आपल्या चळवळीतून थोड्या जागेत, ऊन आणि पालापाचोळा नीट वापरून पीक कसे घ्यायचे ते घरोघरच्या माणसांना शिकवले. इतकी वर्षे महाराष्ट्रातच चालत आलेली ही विद्या आहे.

वजनाबद्दल एक प्रश्न मात्र समितीला विचारते. दोन वर्षांपूर्वी पाणी पुरत नाही म्हणून हजार लिटरच्या दोन प्लास्टिक टाक्या थेट स्लॅबवर ठेवल्या. भरलेली एक टाकी म्हणजे एक टन, आणि तिचा तळ चौरस मीटरभरही नाही. त्या वेळी कोणत्या इंजिनियरचा दाखला घेतला होता? मिलानमधल्या ‘बॉस्को व्हर्टिकाले’ या 2014 साली पूर्ण झालेल्या दोन टॉवरांवर शेकडो झाडे उभी आहेत. ती उभी राहू शकतात, कारण त्यांच्या वजनाचा आणि त्यांच्यावर येणाऱ्या वाऱ्याच्या जोराचा विचार आराखड्यातच झाला होता. आपल्या इमारतीचा तसा विचार झालेला नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच निर्णय इंजिनियरच्या मोजणीवर व्हावा. तो मोजणीनंतर जे काढा म्हणेल, ते मी त्याच दिवशी काढीन.

तिसरे कारण डासांचे आणि डेंग्यूचे. डेंग्यूचा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. ओल्या पालापाचोळ्यात तो वाढत नाही, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. आमच्या एकाही क्रेटखाली ताटली नाही. पाणी झिरपते ते खालच्या कप्प्यात, आणि शेवटी सपाट पन्हळीतून बाहेर. पाणी भरायचा पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून, घासून वाळवला जातो. उलट टाकीचे एक झाकण गेल्या वर्षीच्या वादळात उडाले, त्या जागी आजही फळकूट ठेवलेले आहे. डासांच्या बाबतीत सर्वांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण चीनमधल्या चेंगडूचे आहे. तिथे 2018 मध्ये आठ टॉवरांची एक वसाहत उभी राहिली. 826 घरे, प्रत्येक बाल्कनीत झाडे. घरे विकली गेली, पण सप्टेंबर 2020 च्या बातम्यांनुसार राहायला आली होती जेमतेम दहा कुटुंबे. बाल्कन्यांत रान माजले आणि डासांचा सुळसुळाट झाला. झाडे होती, त्यांच्याकडे रोज पाहणारी माणसे नव्हती. आपल्या गच्चीवर ती माणसे आहेत. त्यांनाच आपण वर येऊ नका म्हणत आहात.

चौथे कारण पाण्याचे. एप्रिल-मेमध्ये आपल्याला टँकर मागवावा लागतो आणि त्याची वर्गणी मीही भरते. गच्चीवरच्या झाडांना नळाचे पाणी मी घालत नाही. तांदूळ-डाळी धुतलेले पाणी, भाज्या धुतलेले पाणी आणि खालच्या दोन फ्लॅटांच्या एसीचे ठिबकणारे पाणी यांवर उन्हाळा निघतो. आरओचे वाया जाणारे पाणी क्षारांचे असते, ते साधे पाणी मिसळूनच घालायचे असते. क्रेटवर सुक्या पानांचा वीतभर थर असला की ओल टिकते. मे महिन्यात आम्ही नवी लागवड करतच नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एका सभासदांनी सुचवले की करायचेच तर हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खतपाण्यावरची लागवड, करा, स्वच्छ असते. त्याला माझा विरोध नाही. ज्यांना पंप, वीज आणि विकतची खते यांचा खर्च झेपतो त्यांनी जरूर करावे. पण त्यात सोसायटीचा ओला कचरा जिरत नाही, आणि माझ्या लेखी मोठा प्रश्न तोच आहे. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या शहराजवळच्या गावांच्या दारात ओतला गेला. तिथल्या लोकांनी त्यासाठी आंदोलने केली, गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरी ज्या कचऱ्याने नासल्या, त्यातला काही आपल्याही घरातला होता. आज आपल्या इमारतीतल्या सहा घरांचा ओला कचरा गच्चीवरच्या पिंपांत कुजतो आणि तिथेच भाजीला लागतो. आवारातला बदाम आणि गुलमोहर यांचा पाचोळा पूर्वी झाडणारे कोपऱ्यात जाळायचे. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये दंड ठरवला आहे, पण दंड नसता तरी तो धूर चौथ्या मजल्यावरच्या दम्याच्या आजोबांच्या खोलीतच जात होता. आता पाचोळा पोत्यांत भरून वर येतो. पुण्यात अदिती देवधर यांच्या ‘ब्राउन लीफ’ मंचामुळे सुकी पाने देणारी आणि घेणारी माणसे एकमेकांना भेटली. गेल्या वर्षी आम्हाला पाने कमी पडली, तेव्हा आम्हीही बाहेरून पोती आणली.

एवढ्यावर घर चालते असा माझा दावा नाही. धान्य, कांदे-बटाटे बाजारातूनच येतात. पण कढीपत्ता, मिरची, पालेभाज्या, गवती चहा आणि हंगामात दोडका-कारले एवढे सहा घरांना आणि वॉचमनच्या कुटुंबाला मिळते. वॉचमनच्या बायकोने तिच्या गावच्या अंबाडीचे बी आणून लावले, त्याची भाजी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी खाल्ली आहे.

आता फाटकाजवळच्या ‘व्हर्टिकल गार्डन’बद्दल. हा खर्च दुरुस्ती निधीतून होणार असल्याचे नोटिशीत लिहिले आहे. ज्या निधीतून वहिनींच्या छताची फट बुजायला हवी, तो एका शोभेच्या भिंतीला जाणार, हे मला अतिशय खटकते. ठेकेदाराचे पत्रक मी मागून घेऊन पाहिले. काळ्या फेल्टचे, म्हणजे जाड नमद्यासारख्या कापडाचे, खिसे, प्रत्येक खिशात मूठभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून खालपर्यंत सिंगोनियम, स्पायडर प्लांट आणि मनी प्लांट. आपली ती भिंत पश्चिमेला तोंड करून आहे. दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर ऊन असते, समोरून डांबरी रस्त्याची धग येते. सिंगोनियम आणि मनी प्लांट ही सावलीतली झाडे आहेत. मूठभर कोकोपीटमध्ये ओल किती टिकणार? पंप बंद पडला किंवा दिवसभर वीज गेली की मे महिन्यात दोन दिवसांत खिसे वाळतात. अनेक शहरांत उड्डाणपुलांच्या खांबांवर अशा बागा बसवल्या गेल्या आणि वाळून काळ्या पडल्या, ते आपण सर्वांनी येता-जाता पाहिले आहे.

मुळात हे तंत्र वाईट नाही. पात्रिक ब्लां या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीशिवाय, फेल्टवर वाढणाऱ्या भिंती जगभर उभ्या केल्या. पॅरिसच्या के ब्रान्ली संग्रहालयाची भिंत त्यांतलीच. पण जंगलात कड्या-कपारींवर, कमी उजेडात कोणती झाडे तगतात याचा त्यांनी आधी वर्षानुवर्षे अभ्यास केला. भिंतीला कुठे किती ऊन, वर किती वारा, खाली किती ओल, हे पाहून झाड निवडले जाते, आणि दिवसातून अनेक वेळा वरून खतपाणी सोडले जाते. आपल्या पत्रकात यातले काहीच नाही. झाड मेले तर वर्षभर बदलून मिळेल, एवढी एक अट आहे. झाडे मरणार हे त्यात धरलेलेच आहे.

खिडक्यांच्या ग्रिलबद्दल मात्र मी आपल्या बाजूने आहे. ग्रिलच्या बाहेर, कठड्याच्या कडेवर ठेवलेली कुंडी खाली पडली तर माणूस दगावेल. त्या कुंड्या आजच आत घ्याव्यात, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे. जिन्याच्या कठड्याला टांगलेल्या बाटल्याही काढाव्यात. आगीच्या वेळी जिना मोकळाच हवा. गच्चीवर टाकीकडे जाणारी वाट आणि पन्हळांची तोंडे यांच्यासमोर काहीही नको. मातीने भरलेले दोन पत्र्याचे ड्रम एका सभासदांनी ठेवले आहेत, ते रिकामे करायला मी त्यांना मदत करीन.

माझ्या मागण्या अशा आहेत:

1. झाडे काढण्याच्या ठरावाला ताबडतोब स्थगिती द्यावी आणि हा विषय विशेष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. गच्ची सर्वांची आहे. तिच्यावर काय असावे हे समितीच्या सात जणांनी परस्पर ठरवू नये, आणि आम्ही सहा घरांनीही नाही.

2. सभेच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनियरकडून गच्चीची पाहणी करून घ्यावी. झाडे आणि नव्या टाक्या या दोन्हींबद्दल त्याचे लेखी मत घ्यावे. त्याच्या फीचा निम्मा भाग आम्ही सहा घरे देऊ.

3. पूर्वेची फट, कोबा आणि पन्हळाचे काम पावसाळ्याआधी व्हावे. पाइपमधला पिंपळ मुळासकट काढावा.

4. फाटकाच्या भिंतीचे काम थांबवावे. दुरुस्ती निधी दुरुस्तीलाच वापरावा. भिंतीला हिरवेपण हवेच असेल, तर खाली जमिनीत मधुमालती लावून तारेवर चढवा. तिला ते ऊन सोसते आणि एकदा मूळ धरले की पंपही लागत नाही.

5. ज्या सभेत हा ठराव झाला तिचे इतिवृत्त आणि ठेकेदाराच्या कोटेशनची प्रत मला मिळावी. सहकार कायद्याने सभासदाला इतिवृत्ताची प्रत मागण्याचा अधिकार दिलेला आहे. त्याचे शुल्क भरायला मी तयार आहे.

6. गच्चीवरील लागवडीसाठी लेखी नियम करावेत: वजनाची मर्यादा, जागा, ताटल्यांना बंदी, नळाच्या पाण्याला बंदी, आठवड्यातून एक कोरडा दिवस. नियम मोडणाऱ्याची झाडे काढावीत, माझी असली तरी.

7. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांसाठी मिळकत करात 5 ते 10 टक्के सवलत देते. आपल्या ओल्या कचऱ्याचा खतप्रकल्प त्यात बसतो का, याची समितीने लेखी चौकशी करावी. अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे द्या.

नोटिशीची मुदत येत्या शनिवारी संपते. सभा होईपर्यंत मी मांडव उतरवणार नाही आणि क्रेट हलवणार नाही. माझ्या परोक्ष ते उचलले गेले, तर उपनिबंधकांकडे तक्रार करीन. तशी वेळ येऊ नये, असे मनापासून वाटते. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता मी गच्चीवर असेन. समितीच्या सर्व सदस्यांनी यावे, क्रेट उचलून पाहावा, पूर्वेची फट पाहावी आणि सभेची तारीख तिथेच ठरवून फलकावर लावावी.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची सभासद